पाण्याला हात

"निगालो गो आय, परत आन."

हे तो कोणाला म्हणायचा ते आधी सांगतो. खाडीला. कुठंही निघायचं असलं की तो गावामागच्या दगडी धक्क्यावर जायचा, शेवटच्या पायरीवर वाकून उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवायचा, ती ओली बोटं कपाळाला लावायचा आणि हे वाक्य म्हणायचा. मगच पाऊल बाहेर टाकायचा. होडीनं जाणार असेल तर एक वेळ समजता येतं. हा पनवेलला एसटीनं जायलासुद्धा पाणी शिवून जायचा.

थोरल्या पोराच्या लग्नात वऱ्हाडाची बस भर उन्हात खोळंबली. नवरदेव घामानं भिजला, बेंजोवाले वाजवून दमले, आणि नवरदेवाच्या बापाचा पत्ता नाही. ओहोटी लागली होती, पाणी लांब गेलं होतं. हा नवा सफारी घालून चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत काळा होता. तसाच बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल आता. मगापासून काय बगत बसलास?"

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. आपल्या एका खुळापायी सगळ्या गावाला उन्हात उभं करतात आणि वर आपल्यालाच दटावतात.

तो इथला, खाडीकाठच्या गावातला, बोलताना ड-ढ चा र करणारा. बापजाद्यांची शेती नव्या शहरात गेली. तिच्या बदल्यात जे मिळालं त्यात त्यानं खोल्या बांधल्या. गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी, आणि पायात चप्पल असलीच तर असली. मी घाटावरच्या दुष्काळी माण तालुक्यातला. कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहायला आलो आणि त्याच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिलो.

भाडेकरूचा पाहुणा कसा झालो तेही ऐका. माझ्या बायकोला भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. पहिल्याच वर्षी ती ताट घेऊन दारात उभी असताना हा भाडं मागायला आला. म्हणाला, "बाय, वरती बगून कोनाला ओवाळतंस?"

ती म्हणाली, "चांदोबाला. मला भाऊ न्हाय."

"चांदोबा काय तुजा भारा माफ करनार हाय? मी हाय ना. आन इकरं."

बसला तिथंच पाटावर. ओवाळून घेतलं आणि त्या महिन्याचं भाडं ताटातच सोडलं. तेव्हापासून ती त्याची बाय, तो तिचा दादा, आणि मी पावना. माझ्या नावानं त्यानं मला परत कधी हाक मारली नाही.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पाण्याला काय कळतंय कोण निघालं आणि कोण आलं. पण गावी जायच्या आधी तो मलाही धक्क्यावर न्यायचाच. शेवटच्या पायरीवर शेवाळ असायचं. मी वाकलो की मागून माझी कॉलर गच्च धरायचा. मांजरीनं पिलू धरावं तशी.

"सोड की शेट, शर्ट फाटंल."

"शर्ट फाटंल तर नवीन घेऊ. तू परलास तर माझी बाय मना फारून खाईल."

न्हावा शेव्याचं बंदर चालू होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. माझ्या बायकोला चालताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाला, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल. ती वरून काही बोलायची नाही, पण रात्री उठून बसायची. मला ठाऊक होतं, टेबलावरून आपण परत उठणार नाही असं तिनं मनाशी धरलं होतं.

त्या भाऊबीजेला ती त्याला म्हणाली, "दादा, एकदा दर्याच्या मधोमध जाऊन यावं वाटतं. जिकडं बघावं तिकडं पाणी. आमच्या माणात जिकडं बघावं तिकडं कुसळं."

मी म्हटलं, "शेट, तुझी होडी हाय ना, जरा लांब घेऊन जा तिला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी त्याला शिवी दिली. "होरीतून? माझी बाय चिंबोऱ्यांच्या टोपलीशेजारी बसून जाईल? लोका काय बोलतील?"

दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला, पाणी शिवूनच, आणि तिकिटं घेऊन आला. नवीकोरी, सात मजली का आठ मजली मोठी बोट सुरू झाली होती. मुंबईहून निघायची, समुद्रात फिरवायची, परत मुंबईलाच आणून सोडायची. तिकिटं त्यानं ओवाळणी म्हणून माझ्या बायकोच्या हातात ठेवली. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, बसून राहणार असतील तर जाऊ दे. त्याच्या बायकोलाही यायला सांगितलं. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जलमभर दर्याच बगला. कोंबऱ्यांना कोन बगंल? जा तुमी."

म्हणून आम्ही तिघंच गेलो. त्यानं सोबत सुक्या बोंबलाचा डबा, एक नारळ, तांब्या आणि कपडे वाळत घालायची दोरी घेतली होती. दोरी कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

गोदीत पोचलो तर पाणीच दिसेना. एका इमारतीतून शिरलो, पट्ट्यावरून पिशव्या पलीकडं गेल्या, नारळ काढून घेतला, बोंबलाचा डबा उघडून दोन शिपायांनी नाकाला रुमाल लावले. मग एक लांबलचक बोळ. बोळ संपला तर समोर गालिचा, झुंबर आणि सरबताचा पेला घेऊन उभी असलेली एक मुलगी.

"वेलकम सर."

हा इकडंतिकडं बघत म्हणाला, "बोटीत कवा चरायचा?"

"सर, आप शिप पर ही हैं."

त्याचा चेहरा उतरला. "पान्याला हात कुठं लावला आमी?" मुलीला काही कळलं नाही. तिनं त्याला बाटली आणून दिली. त्यानं बाटली माझ्याकडं दिली आणि म्हणाला, "पावन्या, आपन निगालोच नाय. ध्यानात ठेव."

आमच्या खोलीत एका भिंतीला चांगला झुळझुळीत पडदा होता. माझ्या बायकोनं दम खात खात जाऊन तो सारला. मागं भिंत. तिनं पडदा परत लावला, परत सारला. "अवं, हितं खिडकीच न्हाय." मग तो पडदा तिनं पुन्हा नीट लावून ठेवला, दादाला दिसू नये म्हणून.

बोट नवी म्हणजे किती नवी, तर रंगाचा वास जेवणापर्यंत पोचला होता. गार हवेचं यंत्र बंदच होईना. माझी बायको शाल आणि माझी कानटोपी घालून बसली. एक लिफ्ट अडकलेली, पोहायच्या टाकीत पाणी नाही, वर जाळी. कोणालाही विचारा, एकच उत्तर. नवीन जहाज आहे सर, सगळं अजून चालू व्हायचंय.

जेवायला ही मोठी रांग. त्यात पनीर तीन तऱ्हेचं. मासा होता, पण त्याला काटे नव्हते, डोकं नव्हतं, वर पावाचा चुरा. त्यानं काट्यानं तो उलटा करून बघितला.

"यो कंचा मासा?"

वाढपी म्हणाला, "फिश है सर."

"ते मना पन दिसतंय," म्हणून तो उठला आणि बोंबलाचा डबा उघडला. आजूबाजूची दोन टेबलं रिकामी झाली. आम्हाला ऐसपैस जागा मिळाली, एवढा एक फायदा.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर गेलो. खुर्च्यांवर लोकांनी टॉवेल टाकून जागा धरलेल्या. कर्णे इतके मोठ्यानं वाजत होते की माझ्या बायकोनं छातीला हात लावला. त्यानं एका तरण्या गड्याचा टॉवेल उचलून बाजूला ठेवला आणि तिला खुर्चीत बसवलं. गडी भांडायला आला, पण याची साखळी बघून गेला.

कठड्यापाशी काच होती. काचेतून खाली समुद्र दिसायचा, पण फार खाली. माझी बायको म्हणाली, "डोंगरावर चढून खालचं शेत बघावं तसं वाटतंय." वाईट म्हणून नाही बोलली. जसं दिसलं तसं बोलली. पण त्याला ते लागलं. मग उगाच इकडंतिकडं बोट दाखवून तिला सांगायला लागला, "ती बग बाय, अलिबागची बत्ती." बत्ती थोड्या वेळानं आमच्या शेजारून निघून गेली. ते दुसरं जहाज होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिसेना. मी शोधत गेलो तर मागच्या बाजूला कठड्यावर पोट टेकून उभा. दोरीला तांब्या बांधून खाली सोडत होता. तेव्हा कळलं दोरी कशाला आणली ते.

दोरी पुरली नाही. तांब्या खालच्या मजल्यावरच्या नाश्त्याच्या खिडकीसमोर लटकून काचेवर टकटक करत राहिला. शिपाई धावत आला.

"सर, ये क्या कर रहे हैं?"

"पानी कारतंय."

"पानी रेस्टॉरंट में मिलेगा सर."

"तो पानी तुज्या रेस्टॉरंटला ठेव. मना दर्याचा पायजे. बाईचा ऑपरेशन हाय, तुना कलतंय का?"

त्याला कळलं नाही. साहेब आला, त्यालाही कळलं नाही. दोरी आणि तांब्या घेऊन गेले. जाताना उतरायच्या वेळी मिळेल म्हणाले.

तो खोलीत आला, माझ्या बायकोच्या पायाशी खाली बसला. एवढा दांडगा माणूस, गालिच्यावर मांडी घालून. "येवरा मोटा जहाज, बाय. अन् पान्याला हात लावायची सोय नाय. मी तुला दर्या बगाला आनला नि खोक्यात घालून फिरवला."

ती म्हणाली, "दादा, गादी लई मऊ हाय. आन दोन दिस भांडं घासलं न्हाय म्या. आनि काय पायजे?"

तो हसला नाही. उतरल्यावर मागं वळून त्या सात-आठ मजल्यांकडं बघून एवढंच म्हणाला, "रिक्षात बसवून सेक्टरला फेरी मारली, आनि काय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी तो दारात उभा. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. साखळी काढून ठेवली होती.

"चल, बाय. भरती हाय."

"कुठं दादा?"

"होरीत."

"आन लोक काय म्हणतील?" मी मुद्दाम विचारलं.

"पावन्या, तू गप बस. वल्हा धर."

धक्क्यावरून त्यानं तिला हाताला धरून उतरवलं. होडीत चिंबोऱ्यांची टोपली होती, ती सरकवून गोधडी घातली. तिवरं मागं पडली, पाणी रुंद झालं. पण तिला हवं होतं तसं जिकडंतिकडं पाणी काही तिथंही नव्हतं. एका अंगाला पूल, दुसऱ्या अंगाला पावणे गावाकडच्या कारखान्यांची धुराडी. मला वाटलं, झालं, हेही फसलं.

तो म्हणाला, "बाय, आरवी हो. डोला खाली आन. पान्याच्या बरोबरीनं."

ती गोधडीवर कुशीवर झाली, हनुवटी होडीच्या काठाला टेकली. बराच वेळ हलली नाही. मग म्हणाली, "दिसलं."

मी वल्हं सोडून खाली वाकून बघितलं. पूल गेला, धुराडी गेली. डोळ्यापासून आभाळापर्यंत नुसतं चकचकीत पाणी.

"आता लाव हात," तो म्हणाला.

तिनं हात बुडवला. गार असेल म्हणून आधी बोटं आखडली, मग मनगटापर्यंत घातला. "कोमट हाय की. ल्हान पोराच्या अंगागत." तो हात तिनं कपाळाला लावला, आणि लाजत लाजत म्हणाली, "निघाले गं आई. परत आण."

तेव्हा तो दुसरीकडं बघत होता. नाक पंचानं पुसलं.

ती परत आली. डॉक्टर चांगला होता, त्याचा हात चांगला होता, हे मी सगळ्यांना सांगायचो. हा सांगायचा, "डॉक्टरनं शिवला. आनली पान्यानं." तरी डॉक्टरला बोंबलाचा डबा नेऊन दिलाच. डॉक्टरनं तो घेतला, रुमाल लावला नाही. म्हणून तो माणूस त्याला पसंत पडला.

पुढची दोन वर्षं तिनं त्याला ओवाळलं. मग एका दुपारी तो जेवता जेवता कलंडला. पोरांनी उचलून गाडीत घातला आणि गाडी दामटली. त्याची बायको शेजारी बसली होती. नंतर तिनं सांगितलं, "सारखा हात खिरकीच्या बाहेर कारत होता. मी आत घ्यायची, तो परत कारायचा." माझी बायको त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, "एवढी पोरं, एवढ्या गाड्या, आन एकालाबी न्हाय सुचलं धक्क्यावरनं न्यायचं." तो परत आला नाही. मी मानत नाही, हे मघाशी सांगितलंच आहे.

गेल्या वर्षी ती गेली. झोपेतच, कोणाला न सांगता. अस्थी कृष्णेत सोडल्या, पण तिनं सांगून ठेवलं होतं, थोड्या दादाच्या पाण्यात सोडा. म्हणून धक्क्यावर गेलो. अर्ध्या पायऱ्या भरावात गेल्या आहेत. शेवटची मात्र आहे, शेवाळ आहे तसंच. तिला पाण्यात सोडलं, बोटं बुडवली, कपाळाला लावली. "निघाली," एवढं म्हणालो. पुढचं म्हणून उपयोग नव्हता.

आणि तसाच वाकून राहिलो जरा वेळ. मागून कॉलर कोणीतरी ओढील, मग उठू, अशी अंगाला सवय लागली होती.