होडीवर लावलेला नेम

चेंडू मारायच्या आधी इशबेल रेनी उजवीकडे बघायची. मग समोर, आणि मग पुन्हा उजवीकडे.

"अगं, रस्ता कुठे पळून जात नाही," तिच्याबरोबर खेळणारी नेटी गेम्मेल मागून म्हणायची.

रस्ता पळून जात नव्हता हेच तर इशबेलचं दुखणं होतं. गोल्फच्या मैदानाच्या उजव्या कडेला गुडघाभर उंचीची दगडी भिंत होती आणि भिंतीला लागून पिटकार्न गावाचा रस्ता. त्या रस्त्यावरून शाळेतली मुलं घरी जायची, म्हातारे पेपर आणायला निघायचे, बेकरीची गाडी फिरायची. इशबेलचा चेंडू सुटायचा सरळ, पण अर्ध्या वाटेत त्याच्या मनात काय यायचं कोण जाणे, तो उजवीकडे वळायचा. एकदा तर त्याने बेकरीच्या गाडीची काच फोडली. गाडीवाला पाव द्यायला दुकानात शिरला होता म्हणून वाचला. "बाई, पावाला मीठ पुरे होतं, काचा कशाला घातल्यास?" असं म्हणून तो मोकळा झाला. गावही हसलं. इशबेल मात्र कितीतरी दिवस मनातल्या मनात त्या रिकाम्या सीटवर कोणाला ना कोणाला बसवून बघत राहिली.

भीती तिला आईकडून आली होती. वडिलांची बोट समुद्रात असली की आई चुलीवरची किटली उतरवायची नाही. इशबेल शाळेच्या स्वयंपाकघरात लागली तेव्हा लोकांच्या पोरांना सूप वाढताना ते जास्त गरम तर नाही ना, म्हणून आधी स्वतः चाखायची. मुलगी झाल्यावर तर विचारायलाच नको. कट्रीना चालायला लागली तशी इशबेलने तिला पहिली गोष्ट शिकवली ती रस्ता ओलांडायची नव्हे. "'फोर' ऐकू आलं की वर बघायचं नाही. खाली बसायचं, डोकं झाकायचं, आणि मोठं माणूस ऊठ म्हणेपर्यंत हलायचं नाही." गोल्फच्या मैदानाला लागूनच जिथे शाळेची वाट जाते, तिथे चेंडू भरकटला की मारणारा 'फोर' ओरडतो. जो कुतूहलाने वर बघतो, त्याच्या तोंडावर बसतो.

एवढं सगळं असून ती खेळायची, कारण गुरुवारची संध्याकाळ ही आठवड्यातली तिची एकच वेळ होती, जेव्हा ती कोणाची आई नव्हती की बायको नव्हती. नवरा टॅम याचं कंबरेचं हाड झिजलं आणि खेळ सुटला. तेव्हा त्याने आपल्या काठ्या तिला देऊन टाकल्या. त्यातली सर्वांत लांब, मोठ्या डोक्याची, पहिल्या टोल्याची काठी म्हणजे ड्रायव्हर. ती पेलताना इशबेलचे खांदे भरून यायचे, आणि चेंडू हमखास रस्त्याची वाट धरायचा.

यावर गावाने एक तोड काढलेली होती. डावीकडे वाळूच्या टेकाडावर एक जुनी लाल होडी पालथी पडली आहे. ज्यांचा चेंडू उजवीकडे वळतो ते सगळे त्या होडीवर नेम धरतात. चेंडू होडीकडे निघतो आणि वळत वळत मधल्या गवतात येऊन पडतो. याला पिटकार्नमध्ये 'होडीवर लावणं' म्हणतात. इशबेलने अर्धं आयुष्य होडीवर लावलं.

या वसंतात टॅमची काठी मानेपाशी तडकली. नेटीचा मुलगा फ्रेझर मैदानावरचं गोल्फचं दुकान चालवतो आणि शिकवतोही. इशबेल त्याच्याकडे गेली. टॅमही आला, खुर्ची ओढून बसला आणि सल्ले देऊ लागला.

"नऊ अंश उताराची दे तिला. पुरुष नऊच वापरतात."

"टॅमकाका, मावशी पुरुष आहे का?"

"रागावली की असते."

फ्रेझरने इशबेलला जाळीत आठ-दहा चेंडू मारायला लावले आणि तिच्या मनगटांकडे बघत राहिला. "मावशी, तुझी काठी तुझ्या मापाचीच नव्हती. दांडा इतका ताठ की तुझ्या जोराला तो वाकतच नाही. आणि डोक्याचं तोंड इतकं उभं की चेंडू वर चढायच्या आधीच तिरका फिरायला लागतो. तू आठवड्यातून एकदा खेळणारी. तुला लांब जाण्यापेक्षा नीट जाणं महत्त्वाचं." त्याने बारा अंशांची काढली, तोंडाला जास्त उतार असलेली. दांडा हलका, लवचिक. डोक्यातलं वजन आतल्या बाजूला, म्हणजे मारताना तोंड आपोआप डावीकडे वळतं आणि चेंडू उजवीकडे पळत नाही.

"म्हणजे रस्त्यावर जाणार नाही?" इशबेलने विचारलं.

"नाही जाणार."

"अजिबात?"

"मावशी, मी लिहून नाही देणार. पण नाही जाणार. फक्त आता सरळ नेम धर. होडी विसर."

तिने मान हलवली. रस्त्यावर जाणार नाही, एवढंच तिच्या कानात शिरलं होतं.

गुरुवारी ती नवी काठी घेऊन ओट्यावर, म्हणजे पहिला टोला मारतात त्या उंचवट्यावर, उभी राहिली. समुद्रावरून हार यायला लागली होती. हार म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचं ते गार, ओलं धुकं; येतं तेव्हा पाऊल वाजत नाही. टेकाडाचा माथा अजून दिसत होता, होडीचा लाल रंग फिका पडला होता.

"मार लवकर," नेटी म्हणाली, "नाहीतर चेंडू शोधायला कंदील लागेल."

इशबेलने उजवीकडे बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोर बघितलं, पुन्हा उजवीकडे. मग तिचे पाय, तिला न विचारता, होडीकडे वळले.

असा टोला तिच्या हातून आजवर बसला नव्हता. हातांना काही जाणवलंच नाही, नुसता आवाज आला, कोरडा आणि गोड. चेंडू चढत गेला.

"बाई गं," नेटी म्हणाली. "हे कुठे लपवून ठेवलं होतंस?"

इशबेल तो वळायची वाट बघत होती. तो वळला नाही. होडीच्या वरून सरळ निघाला आणि पांढऱ्या धुक्यात गेला. टेकाडापलीकडे काय आहे ते तिला तेव्हा आठवलं. तिथून किनाऱ्याची पायवाट जाते. कट्रीनाचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असतो, म्हणून ती तान्ह्या एफीला घेऊन माहेरी आली होती. एफी पाळण्यात झोपत नसे, वाऱ्यावर झोपे. रोज याच वेळी कट्रीना बाबागाडी ढकलत त्या पायवाटेने जायची. आणि जाताना आईला सांगून जायची, कारण आईला काळजी वाटते.

इशबेलने तोंड उघडलं.  जो आवाज आला तो तिला स्वतःचा वाटला नाही.

"फोर!"

नेटीही ओरडली. दोघींचे आवाज धुक्यात शिरले आणि तिकडून काहीच परत आलं नाही. मग कुठेतरी खाडकन वाजलं.

वाळूच्या चढावर पळता येत नाही. पाय रुततात, जितकी घाई करावी तितकं माणूस मागे सरकतं. इशबेल हात टेकत चढली. तिच्या मनात प्रार्थना नव्हती, विचार नव्हता, फक्त बाबागाडीचं निळं छप्पर होतं. माथ्यावर पोचली आणि तिला ते छप्पर दिसलं. पायवाटेच्या मधोमध गाडी उभी होती आणि कट्रीना तिच्यावर ओणवी पडलेली होती, दोन्ही हात डोक्यावर. ती हलत नव्हती.

इशबेल खाली उतरली की घसरली, ते नेटीलाही सांगता आलं नाही. लेकीच्या पाठीला हात लावायचं तिला धाडस होईना. पाठ गरम असेल की नाही, ते कळून घ्यायचं नव्हतं.

"कट्रीना."

"उठू का?" हातांखालून आवाज आला.

इशबेल मटकन खाली बसली.

कट्रीना उठली, छप्पर मागे सारून आत बघितलं. एफी झोपली होती. शेजारचा कुंपणाचा खांब फुटला होता आणि त्यातलं पांढरं लाकूड दिसत होतं. हात लांब केला तर गाडीवरून त्या खांबाला लागत होता.

"कोण होता तो गाढव?" कट्रीना म्हणाली. "समोर आला तर त्याचीच काठी त्याच्या..."

"मी," इशबेल म्हणाली.

कट्रीनाने वर टेकाडाकडे बघितलं. "तू? इथपर्यंत?"

त्यावर नेटीला हसू फुटलं, मग ते थांबेना आणि शेवटी रडू झालं. इशबेल हसली नाही, रडलीही नाही. फुटलेल्या लाकडावर हात ठेवून बसून राहिली.

तिने काठी फ्रेझरला परत नेऊन दिली. "ही नको. कुठलीच नको."

"मावशी, काठी बरोबर आहे. नेम जुन्या काठीचा होता."

"नेम माझा होता."

पुढच्या गुरुवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सूप ढवळत खिडकीशी उभी राहायची, आणि कट्रीना गाडी घेऊन निघाली की "कुठून जाणार? रस्त्याने जा, रस्त्याने," म्हणून दारापर्यंत यायची. टॅमने दोन-चार टोमणे मारून बघितले, मग तेही सोडले. कट्रीनाला ते जास्त टोचलं. आई टोमण्याला उत्तर देत नाही असं तिने कधी बघितलं नव्हतं. ती फ्रेझरकडून काठी घेऊन आली.

"चल. मी आणि एफी तुझ्या मागे उभ्या राहतो. मग पायवाटेवर कोण असणार?"

"दुसऱ्या कोणाची तरी लेक."

"मग आधी बघून घेऊ. चल आता."

त्या दिवशी आकाश मोकळं होतं. कट्रीना टेकाडावर चढून पायवाट बघून आली आणि ओट्याच्या मागे, बाबागाडीचा ब्रेक लावून उभी राहिली. इशबेलने काठी उचलली. चेंडू जिथे पोचवायचा त्या खड्ड्यातलं निशाण समोर होतं. निशाणावर नेम धरणं म्हणजे रस्त्याच्या जवळ नेम धरणं. इतकी वर्षं जिथे चेंडू जाऊ नये म्हणून ती जपली, तिकडे छाती करून उभं राहायचं. तिच्या पायांना ते पटेना.

"आई, पाय होडीकडे चाललेत."

तिने पाय सरकवले.

"अजून."

"अजून सरकवले तर रस्त्यावरच्या पोस्टाचं दार दिसतंय मला."

"दिसू दे. फ्रेझर म्हणालाय ना, जाणार नाही म्हणून."

"त्याने लिहून दिलेलं नाही," इशबेल म्हणाली, आणि पाय आणखी सरकवले. तिने उजवीकडे बघितलं. यावेळी डावीकडेही बघितलं. मग मागे वळून गाडीत डोकावली. हात स्कर्टला पुसले.

टोला बसला तसे तिचे डोळे रस्त्यावर गेले. भिंत, फुटपाथ, पोस्टाचं दार. काही वाजलं नाही. तिने टेकाड बघितलं, होडी बघितली.

"कुणाला लागला का? कट्रीना, कुणाला लागला?"

"कुणाला लागेल? समोर पडलाय. बघ तरी, आई."

इशबेलला लगेच बघवेना. तिने रस्ता पुन्हा एकदा पूर्ण तपासला, आणि मग समोर बघितलं.