फाइलीतले शेवटचे दोन शब्द

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागी चुळबुळू लागतो. निवृत्तीला सहा महिने उरले होते. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो.

एका संगणक प्रशिक्षण संस्थेच्या मालकाने तक्रार दिली की गोदामातला जुना संगणक चोरीला गेला. असले खटारे हल्ली हौशी मंडळी जपायला विकत घेतात. खबऱ्याने बातमी आणली, संगणक जवळच्या तिरुविडैमरुदूर गावी एका बाईंच्या घरी आहे. पंचनामा करून आम्ही तो जप्त केला. साठीच्या बाई, पूर्वी त्याच संस्थेत शिकवायच्या. "बंद पडला म्हणून मालकांनीच दिला, मी दुरुस्त केला," एवढंच त्या सांगत. कागद काहीच नव्हता.

मालकाने ओळखीची खूण सांगितली. त्यात कोलम, म्हणजे आपली रांगोळी, काढणारा प्रोग्राम आहे आणि तो संस्थेत बनला. बाई म्हणत, तो मी घरी केला. त्या प्रोग्रामची फाइल कुठे बनली हे कळलं की खोटं कोण बोलतंय हे कळणार होतं. फाइलीवर तारीख होती १ जानेवारी १९८०. सायबर शाखेचा हवालदार म्हणाला, "सर, आतली बॅटरी मेली की ही यंत्रं हीच तारीख टाकतात. उपयोग शून्य."

दोन दिवस मी बाईंना उलटसुलट विचारलं, तमिळमध्ये, आवाज चढवून. त्या पदराचं टोक पिळत बसत. तिसऱ्या दिवशी त्यांना अटक करून कोर्टात उभं करायचं होतं. मला खुर्चीत बसवेना.

हवालदाराने फाइलीतली अक्षरं छापून आणली. बहुतेक कचराच, पण शेवटी रोमन लिपीत दोन शब्द. ए एस के ई, झेड ए एल ई. "आस्क ई, म्हणजे ई ड्राइव्हला विचार. पुढचा काहीतरी संकेत असेल," तो म्हणाला. मी मान डोलावली, बाहेर पडलो आणि जिन्यातच थबकलो.

आमच्या घरात 'सगळं' म्हणत नाहीत, 'अस्कें' म्हणतात. तंजावरच्या मराठी राजांच्या मागे आलेली आमची घरं. उंबऱ्याआत ही जुनी मराठी, बाहेर तमिळ. ठाण्यात कुणाला ते माहीतही नव्हतं.

दोघांना वेगळं बसवलं. मालकाला कागद दाखवून अर्थ विचारला. तो छातीठोकपणे म्हणाला, "ई ड्राइव्ह तपासायची सूचना. मीच घालायला लावली." त्या यंत्राला ई ड्राइव्ह नव्हताच.

बाईंना कागद दाखवला नाही. घरच्या बोलीत विचारलं, "कोलम पुरा झाला की काय दिसतें?"

त्या दचकल्या. "अस्कें झालें," त्या म्हणाल्या. "आई अंथरुणावर होती. दारीं कोलम घालायला उठवेना तिला. ती पडून सांगायची, मी यंत्रांत काढायची. पुरा झाला की म्हणायची, अस्कें झालें." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "तुम्ही आमचेच काय? मग दोन दिवस मला तमिळांत कां भिवविलें?"

मला लाज वाटली.

तासाभरात मालकाने कबुली दिली. देऊन टाकलेल्या यंत्राला गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून ते परत मिळवायला चोरीची खोटी तक्रार. कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल बाईंना परत मिळाला.

त्यानंतर प्रत्येक जबाबाआधी मी विचारायचो, "घरी काय बोलता?" जाणकाराचं मतसुद्धा त्याच्या भाषेपुरतंच असतं, हे मी शिकलो. पण चुळबूळ थांबत नाही. बाईंच्या घरी माझ्या बोलीऐवजी इथल्या विणकरांची सौराष्ट्री किंवा तेलुगू असती, तर मी त्यांना ठरल्याप्रमाणे कोर्टात उभं केलंच असतं.