आखाजीच्या आधी नेलेली चाकं

मोटारीची चाकं बैलगाडीखाली शोधायची असतात, हे मला धुळ्याच्या एका टायर रिमोल्ड करणाऱ्याने सांगितलं. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी जळगावला सरकारी कचेरीत नोकरीला होतो आणि अमळनेरच्या एका बंद तेलगिरणीच्या गोदामातून एक जुनी विलायती मोटार भंगार म्हणून उचलून आणली होती. दोन वर्षं खटपट करून इंजिन चालू केलं. गाडी अडली ती मागच्या दोन चाकांपाशी. सतरा इंची रिम, पाच भोकांची, आणि तशी रिम मला कुठेही मिळेना. रिमोल्डवाल्याकडे त्या मापाचे दोन टायर होते, पण रिमच नाही म्हणून कोपऱ्यात पडलेले. तो म्हणाला, ‘‘शहरात काय शोधता? लाकडी चाकं गेली तेव्हा जुन्या मोटारींची चाकं सगळी बैलगाड्यांना बसली. खेड्यात जा आणि वाकून बघा.’’

मग मी वाकून बघायला लागलो. जामनेरच्या बाजार समितीत, भडगावच्या आठवडी बाजारात, जिथे गाड्या सुटलेल्या असतील तिथे मी उकिडवा बसून भोकं मोजायचो. बैल माझ्याकडे बघायचे आणि माणसं हसायची. एकाने विचारलं, भाऊ, चप्पल हरवली का. मला राग यायचा, कारण मी काहीतरी थोर काम करतो आहे अशी माझी खात्री होती. कचेरीत, गल्लीत, सासुरवाडीला मी सांगून बसलो होतो की अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गाडी रस्त्यावर येणार. सांगून बसलो होतो, हेच खरं दुखणं.

चाकं सापडली ती गिरणा नदीपलीकडच्या एका लहान गावात. एसटी त्या गावाला जात नव्हती. गाडीवाल्या म्हाताऱ्याला गाव आबा म्हणायचं, मीही आबा म्हणालो. चाकांना हिरवा रंग फासलेला, त्यावर कधीच्या तरी पूजेचं हळदीकुंकू वाळलेलं. मी भोकं मोजली. पाच. त्यांच्या गाडीला बसेल अशी दुसरी जोडी आणि वर काही पैसे, असं मी बोललो. आबांनी चाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘लई जाय भाऊ. पन आखाजी व्हई जाऊ दे, मंग लई जाय.’’

लई जाय म्हणजे घेऊन जा, आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात सात वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं. आखाजीच का, ते मात्र मी विचारलं नाही. मी घाटावरचा. आमच्याकडे तो दिवस मुहूर्ताचा, सोनं घेण्याचा, आमरसाचा. म्हाताऱ्याचा काहीतरी मुहूर्त असेल, असं मी धरून चाललो. माझाही मुहूर्त होताच, आणि दोघांत मला माझा मोठा वाटला.

सणाला चार दिवस असताना मी टेम्पो घेऊन पुन्हा त्या गावात गेलो. आबा शेतात होते. ते शेतात असावेत म्हणून मी मुद्दाम अकराची वेळ धरली होती, हे आज लिहून टाकतो. घरी त्यांची बायको होती. सगळे तिला अक्का म्हणत. सांजोऱ्यांचं पीठ मळता मळता ती उठून आली, हात तसेच भरलेले. तिने विचारलं, ‘‘आबानी सांगं का?’’

मी म्हणालो, ‘‘हां अक्का. आबानी सांगं, लई जाय.’’

अहिराणीत मी पूर्ण बोललेलं ते पहिलं वाक्य. नीट जमलं, याचा मला त्या क्षणी आनंदसुद्धा झाला. अक्काही हसली. आपल्या बोलीत बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेतं? टेम्पोवाल्याने आणि मी गाडी दगडांवर टेकवली, नट सोडवले आणि चाकं काढून घेतली. दुसरी जोडी उद्याच पाठवतो, असं सांगून मी निघालो. ती जोडी तेव्हा जळगावला माझ्या अंगणात पडलेली होती. येताना टेम्पोत टाकायची राहिली होती, आणि पुढचे चार दिवस मला रंगातून आणि पॉलिशातून सवड झाली नाही.

मुहूर्तावर गाडी निघाली. हार घातला, पेढे वाटले, फोटो काढला. फोटोत मी मागच्या चाकावर हात ठेवून उभा आहे.

पुढच्या रविवारी मी त्याच मोटारीतून ती दुसरी जोडी घेऊन गावात गेलो. मिरवायलाच गेलो होतो म्हणा. अंगणात बैलगाडी तशीच दगडांवर होती. कडुलिंबाला नव्या दोराचा झोका बांधलेला होता. मी सहज अक्काला म्हणालो, झोका छान बांधलाय. तिने सांगितलं ते मी मान खाली घालून ऐकलं.

इकडे आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि झोके खेळतात. अक्काच्या लेकीची ती लग्नानंतरची पहिली आखाजी होती. सासर चार कोसांवर, आडवळणाला. लेकीला सहावा महिना. आखाजीला माहेरची गाडी मुराळी होऊन तिला न्यायला दाराशी यायची, म्हणून ती गाठोडं बांधून बसली होती. मी विचारलं, शेजारची एखादी गाडी नाही का मिळाली? अक्का म्हणाली, ‘‘आखाजीले गावन्या बठ्ठ्या गाड्या पोरी लेवाले जातस. आमले कोन देई?’’ गावातल्या सगळ्याच गाड्या लेकी आणायला गेलेल्या, म्हणून आबा पायीच गेले. पोटुशी सून उन्हात पायी कशी धाडायची, असं सासरचे म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. आबा एकटे परत आले.

मी म्हणालो, ‘‘आबा, चला, मोटारीतून आत्ताच घेऊन येऊ तिला.’’

‘‘आते कशाले?’’ आबा म्हणाले. ‘‘आखाजी गई.’’

त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि अक्काला चहा ठेवायला सांगितलं. मला वाटत होतं आता हा माणूस दोन शिव्या घालेल, आणि घालाव्यात अशी माझी इच्छा होती. पण आबा चूक स्वतःवर घेऊन मलाच समजावायला लागले. ‘‘आमनी बोली तुमले समजनी नही व्हई. मीच नीट सांगाले पाहिजे व्हतं. चूक मनीच शे.’’

अक्का चहाचा कप घेऊन दारात उभी होती. त्या दिवशी माझ्या तोंडून तिने ती बोली ऐकली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कप माझ्या हातात दिला.

मी चहा प्यालो. आबांना म्हणालो, ‘‘हो आबा, तुमची भाषा जरा अवघडच जाते मला.’’