घेरातलं वजन

"काढ म्हणते ना! एकेक काढ!"

"न्हाई काढणार."

"माय, अर्ध्या तासात नंबर हाय माझा."

"मग अर्धा तास भांडू. कपडा माझ्या हातचा हाय. जाईल तर असाच जाईल."

अंबाजोगाईच्या सभागृहामागच्या खोलीत गंगासागर आपल्या लोखंडी पेटीवर बसली होती. मांडीवर पांढऱ्या जाळीचा घोळदार झगा. समोर कमरेवर हात ठेवून तिची मुलगी रुद्राणी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. साल पंच्याण्णव, युवक महोत्सवाचा दिवस. भांडण होतं ते झग्याच्या काठावरून. काठाच्या आत, वीत-वीत अंतरावर, निजामाच्या वेळचे भोकाचे पैसे टाचलेले होते. भोकातून दोरा ओवायचा आणि काठाला आवळून टाकायचा. गंगासागरची ती जुनी रीत. एवढं वजन असलं की बाई कितीही फिरली तरी घेर वर उडत नाही.

आणि रुद्राणीला तो उडायलाच हवा होता.

घाटनांदूरला बाजारगल्लीत गंगासागरच्या नवऱ्याचं, मन्मथअप्पांचं, नाटकाच्या कपड्यांचं दुकान होतं. राजा, राणी, मुगल सरदार, जे लागेल ते भाड्यानं. कपडे द्यायला दारात अप्पा, शिवायला आत गंगासागर. जत्रांच्या दिवसांत या पेट्या एसटीच्या टपावर बसून पार पाटोद्यापर्यंत जाऊन यायच्या. अप्पा गेले, तरी तिनं दुकान मोडलं नाही. मग घरोघर केबल आली. गावोगावची नाटकं बंद पडली. शाळांच्या गॅदरिंगला पोरं सिनेमातले कपडे मागू लागली, तेही लातूरहून तयार आणू लागली. पेट्यांत उरला डांबरगोळ्यांचा वास.

अशात वर्षाराणी मॅडम दुकानात आल्या. कॉलेजात नाच शिकवायच्या, पुण्याला शिकून आलेल्या. हातात झेरॉक्सचे काळपट कागद. ऐंशी वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये बॅले नाचणाऱ्या बायांचे ते फोटो होते.

"तेव्हा तिकडच्या बायका कमरेला हाडाच्या पट्ट्यांचा पट्टा आवळायच्या, श्वास कोंडेपर्यंत," मॅडम सांगत होत्या. "मग या नाचणाऱ्या सैल कपड्यांत, तुमानी घालून रंगमंचावर आल्या. आपल्या पूर्वेकडच्या तुमानी बरं का! आणि ते बघून शहरातल्या बायका शिंप्याकडे तसलेच कपडे मागायला लागल्या."

"म्हंजी आमच्या मुगल सरदाराची तुमान पॅरिस फिरून आली म्हना की!"

मॅडम पोट धरून हसल्या. त्यांची नृत्यनाटिका त्याच गोष्टीवर होती. शेवटी नायिका तो पट्टा सोडून फेकते आणि बारा गिरक्या घेते. नायिका रुद्राणी, पांढऱ्या घोळदार झग्यात.

दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवं शिवायला मिळालं होतं. गंगासागरनं मच्छरदाणीची जाळी आणली, त्या काळपट कागदावर बोट फिरवत घेर मोजला, दोनदा उसवला, तिसऱ्यांदा जमवला. तसा झगा जिल्ह्यात कुणी शिवला नसता. फक्त काठ मात्र तिनं आपल्या रीतीनं घातला.

"मॅडमला बी सांगितलं न्हाईस तू," रुद्राणी म्हणाली.

"त्यांना काय कळतं हितलं? समोर प्रमुख पाहुणे म्हणून विठ्ठलराव बसलेत, मागं पोरांच्या रांगा. एकानं शिट्टी घातली की बाकीच्यांना कोन आवरनार? तुझा राजेश्वरकाका बी आलाय."

"काका कावून आलेत?"

"बघायला."

"मला का घेराला?"

"जीभ लई चालाय लागली तुझी! वत्सलाला बी अशीच हौस होती."

"वत्सलामावशीचं माझ्या पायाला बांधू नको, माय."

गंगासागरनं मांडीवरचा झगा जवळ ओढला. वत्सला तिची पाठची बहीण. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शाळेच्या गॅदरिंगला नाचली होती. घागरा गंगासागरनं शिवलेला, तिच्या हातचा पहिलाच. गिरकीत तो गुडघ्याच्या वर गेला आणि मागून एक शिट्टी आली. मग दुसरी. मग हसणं. पंधरा दिवसांत वत्सलाला युसूफ वडगावला देऊन टाकलं, नववी अर्धी ठेवून. घागरा कुणी शिवला हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर पैसे टाचल्याशिवाय एकही घेर गंगासागरच्या हातून बाहेर गेला नाही.

"तुला माहीत न्हाई गं, एका शिट्टीनं काय होतं ते."

"आन् तुला माहीत हाय, ह्या वजनानं काय होतं?"

रुद्राणीनं परकर गुडघ्यापर्यंत वर घेतला. दोन्ही नडग्यांवर काळेनिळे गोल डाग होते. काही जुने, पिवळे पडलेले, काही अगदी ताजे. प्रत्येक डाग एका पैशाएवढा.

"मी थांबले तरी घेर थांबत न्हाई. फिरत ऱ्हातो, नडगीवर हाणत ऱ्हातो. आठ दिवस ह्याच्यातच तालीम करतेय. काल नवव्या गिरकीला पडले."

"पयल्याच दिवशी कावून न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर हितवर येऊ दिलं असतंस?"

गंगासागरनं बोट पुढं नेलं, पण डागाला लावलं नाही.

"कातर दे," ती म्हणाली.

पण ते टाके भाड्याच्या कपड्याचे होते. मेण लावलेला दुहेरी दोरा, तीन वेढे, वर गाठ. दहा गावं फिरून आला तरी सुटायचा नाही असा. ओढला तर जाळीच फाटली असती. कातरीचं टोक वेढ्याखाली सारायचं, हात हलू द्यायचा नाही. खट. पहिला पैसा फरशीवर पडून गोल फिरला. खट. दुसरा. तिच्या कपाळावर घाम आला.

अर्धा काठ मोकळा झाला तेवढ्यात दार उघडलं. वर्षाराणी मॅडम.

"रुद्राणी, आपल्या आधीचं कॉलेज आलंच नाही. आताच जायचंय!"

"मॅडम, पाच मिंटं," गंगासागर म्हणाली.

"पाच कुठून देऊ, काकू? विठ्ठलरावांना निघायचंय. ते घड्याळ बघतायत!"

रुद्राणीनं झगा डोक्यातून घातला, वरून कमरेला नाचातला पट्टा आवळला. गंगासागर गुडघ्यांवर बसली आणि तिच्याभोवती फिरत काठ उसवू लागली. एका बाजूचा घेर वाऱ्यासारखा हलका, दुसऱ्या बाजूला ओझं. असं गेली तर पहिल्याच गिरकीला तोल जाणार होता. माईकवर कॉलेजचं नाव पुकारलं. खट. खट. कातर घामानं सटकली, तिनं ती टाकून दिली आणि दोरा दातांत धरला. मेणाची चव तोंडभर पसरली.

दुसऱ्यांदा नाव पुकारलं. शेवटचा पैसा तिच्या तळहातात पडला.

घेर तिच्या तोंडासमोर हलला. नुसत्या श्वासानं. तिनं शिवलेलं एवढं हलकं आजवर काही नव्हतं. बाहेर पोरांचा गलका वाढत होता.

"रुद्रे." तिनं काठ मुठीत धरला. "आन् शिट्टी वाजली तर?"

रुद्राणीनं खाली बघितलं. आईच्या मुठीतून काठ हळूच सोडवून घेतला, पट्ट्याचा हूक चाचपला आणि पडद्याकडे चालू लागली.