आईच्या मापाचा कुर्ता

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझी आई एकोणपन्नास वर्षांची. सोमवारपासून ती कांदिवलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणार आहे. ही तिची पहिलीच नोकरी. त्यासाठी कपडे घ्यायला आज आम्ही बोरिवलीला गेलो होतो.

हल्ली तिला मध्येच दरदरून घाम फुटतो, म्हणून मी सैलसर सुती कुर्ते काढले. निळा घालून ती बाहेर आली. झकास दिसत होती! आरशात बघून हसलीसुद्धा.

मग दुकानातल्या मुलीला म्हणाली, "यात मीडियम दे गं."

"आई, मीडियम तुझ्या दंडात तरी शिरेल का?"

"तुला होईल ना. मला तिथे नाही जमलं, तर फुकट नको जायला."

आमच्या घरात पहिली पदवीधर मी. बाई कमावती झाली की घर बदलतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. आणि माझ्याच आईने कामाला जायच्या आधीच परत यायची तयारी करून ठेवलीय.

मी एक्सएलच घेतला. पण ती लेबल कापू देत नाहीये. म्हणते, "राहू दे, बदलून मिळतो."

मैत्रिणींनो, सोमवारच्या आत तिला काय सांगू?