हळदवाल्या अण्णांचा हिरवा ठिपका

आमच्या शेजारच्या हळदवाल्या अण्णांइतका माणसांचा भुकेला माणूस सगळ्या सांगलीत सापडणार नाही, आणि इतकी वर्षं ती भूक भागवण्याचा मक्ता माझ्याकडे होता. त्यांचं हळदीचं दुकान, माझं गुळाचं. मध्ये एक भिंत. दुपारचा चहा आला की पलीकडून हाक यायची, "बापू, ये रं!" मग त्यांच्या सुनेनं त्यांच्या फोनवर व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन बैठकीचं नवं ॲप टाकून दिलं आणि माशी शिंकली.

त्या ॲपवर नावापुढे हिरवा ठिपका दिसला की माणूस हजर समजायचा. अण्णांनी त्याचा अर्थ दुकान उघडं आहे असा घेतला. "दुकान उघडं दिसल्यावर न बोलता म्होरं जायाचं व्हय?" असं म्हणत ते प्रत्येक ठिपक्याला हाक मारतात. मलकापूरचा एक बिचारा व्यापारी जेवत होता, तर त्याला "आमटी कसली?" इथपर्यंत विचारून झालं. स्वतः जेवायला उठताना सगळ्या गटाला कळवतात आणि परत आल्यावर ताकासकट वृत्तांत देतात. भाव ठरवायच्या दिवशी तर कहरच. बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायची त्यांची जुनी सवय. अण्णांनी कॅमेऱ्यासमोर हातावर पंचा टाकला आणि आतल्या आत बोटं हलवली. लोणंदचा व्यापारी म्हणाला, "आवं अण्णा, पंचा दिसतुया, भाव दिसंना!" सगळे खो खो हसले. शेजारी स्टुलावर बसलेल्या मला मात्र हसू आलं नाही. माझ्या हक्काचे अण्णा साऱ्या मुलखाला फुकट वाटले जात होते. साठी उलटलेल्या माणसानं एका ॲपवर जळू नये, पण मी जळत होतो. शेवटी रागारागानं मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं.

परवा न राहवून तेच ॲप घेतलं आणि आपल्या दुकानातून बैठकीला बसलो. अण्णांचं तोंड हलत होतं, पण आवाजाचं बटण बंद राहिलेलं. पडद्यावर सगळे ओरडत होते, "अण्णा, ऐकू येत न्हाई!" मला भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आज बापूबी आलाय बरं का! लय दिस झालं, इकडं फिरकंना. रुसलाय जणू. त्येच्याबिगर चा गोड लागत न्हाई गड्यांनो."

बटण दाबा म्हणून मला ओरडून सांगता आलं असतं. मी गप्प बसलो. तेवढा वेळ अण्णा माझ्या एकट्याचे होते.