राळ आणि डुकराची चरबी

माझ्या भावाचे हात पहिल्यांदा चिकट केले ते मीच, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ज्यांच्या नावानं बोटं मोडणार आहे त्यांच्या रांगेत मीही उभी आहे.

बेल्झोरा गावच्या शाळेत अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे कपडे धुवायचं काम मी बत्तीस वर्षं केलं. पोरांचा घाम, रक्त, कधी ओकारीसुद्धा. त्याची मला कधी किळस आली नाही, ती धुतली की जायची. आई गेली तेव्हा ओझेल सहा वर्षांचा आणि मी पंधराची. मीच त्याला वाढवला. तो मला ताई म्हणायचा, म्हणून सगळं गाव ताई म्हणू लागलं.

ओझेल वाइड रिसीव्हर होता. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की जीव खाऊन पळायचं आणि पळता पळता खांद्यावरून मागे बघत उडता चेंडू झेलायचा. झेलला की चार माणसं अंगावर येऊन आपटणार, हे ठरलेलं. शाळेच्या शेवटच्या वर्षी एका सामन्यात धो धो पाऊस होता, चेंडू साबणासारखा निसटत होता. मी सकाळीच पाइनच्या झाडांची राळ खरवडून कॉफीच्या जुन्या डब्यात उकळली आणि त्याच्या मोज्यांना फासली. दर वेळी पळण्याआधी तो वाकून मोज्यांना हात पुसायचा. त्या दिवशी त्यानं अकरा चेंडू झेलले. घरी आल्यावर बोटं एकमेकांना चिकटलेली! मी डुकराची चरबी चोळून एकेक बोट सोडवलं. दोघंही वेड्यासारखी हसत होतो.

मग कॉलेज, मग उत्तरेकडचा मोठा संघ. अकरा वर्षं. बर्फात एका हातानं घेतलेला तो झेल अजून टीव्हीवर दाखवतात. जे दाखवत नाहीत ते मी पाहिलंय. एकदा सामन्याला गेले होते, मला आत खेळाडूंच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर ओझेलच्या करंगळीच्या बुडाशी सुई खुपसत होता. करंगळी भलत्याच दिशेला वळलेली. त्यानं ती खटकन सरळ केली, शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधली आणि म्हणाला, "झालं! आता तीन तास काही कळायचं नाही."

"आणि तीन तासांनंतर?" मी विचारलं.

"तोवर सामना संपलेला असतो, बाई."

ओझेल हसत होता. मी तिथल्याच कचऱ्याच्या टोपलीत ओकले. एका पोरसवदा नोकरानं मला पाण्याऐवजी संघाची टोपी आणून दिली. माझ्या बत्तीस वर्षांच्या धुण्यात इतकं घाणेरडं काही मी हाताळलं नव्हतं.

गरज सरो वैद्य मरो. संघानं सोडलं, बायकोनं सोडलं, ओझेल माझ्या मागच्या खोलीत राहायला आला. उजव्या हाताची तीन बोटं आकड्यासारखी वळलेली, ती ना धड मिटत ना उघडत. डाव्याची त्याहून थोडी बरी. टोकांना तर स्पर्शच नाही. एकदा तापलेल्या कढईला हात लावून उभा होता, कातडी जळल्याचा वास आधी मला आला. त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, तळलेल्या माशाचे काटे मी काढते. गावात जाताना तो हात खिशात ठेवतो. कुणी हात पुढे केला तर खांद्यानं ढकलून हसतो. लोक म्हणतात, पैशानं माजलाय. त्याला ते चालतं. "ताई, माजलेला म्हणू देत. बिचारा म्हणायला नकोत," असं मला म्हणाला होता.

तेवढं एकच त्याच्याकडे उरलं होतं. आणि नेमकं त्यावरच मेरिट गॅस्किन चालून आला.

गॅस्किन ट्रॅक्टर विकतो आणि शाळेच्या संघाचा कैवार घेतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असा माणूस. माझ्या ओसरीवर बसून मीच भाजलेला पिकन-पाय, अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, खात म्हणाला, "वर्नेलबाई, जुनी पोरं गावी परततात त्या होमकमिंगच्या सामन्याला ओझेलच्या जर्सीचा अठ्ठ्याऐंशी नंबर शाळेच्या भिंतीवर लावतोय!"

"लावा की. त्याला खुर्चीत बसवा आणि टाळ्या वाजवा."

"असं कसं? रिवाज आहे ना!"

रिवाज असा की ज्याचा नंबर भिंतीवर जाणार त्यानं मैदानाच्या मधोमध उभं राहून एक चेंडू झेलायचा आणि आपल्या घरच्यांच्या हातात द्यायचा. टिबो डंकनच्या हातून तो पडला, त्याला चाळीस वर्षं झाली. टिबो आता आमच्या चर्चमध्ये धर्मसेवक आहे, तरी लोक त्याला साबण्याच म्हणतात. त्याच्या नातवालाही.

"त्याला जमणार नाही," मी म्हणाले.

"ओझेल पेटवेला झेल जमणार नाही?" गॅस्किन ढेरी हलवून हसला. "ताई, तुम्ही पण ना!"

दारात ओझेल उभा होता. हात खिशात. "येईन मी," म्हणाला.

गॅस्किन गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "डोकं फिरलंय का तुझं? खरं सांगून मोकळा हो!"

"काय सांगू? हात गेले म्हणून? मग उद्यापासून सगळे माझ्या ताटातलं कापून द्यायला येतील." हात माझ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, राळ उकळ ना."

मला त्या वासाचीच शिसारी आली. पण उकळली. शुक्रवारी दुपारी त्याच्या तळव्यांना, वाकड्या बोटांना जाड थर दिला. मी चर्चची मोठी काठाची टोपी घातली आणि पर्समध्ये चरबीची बरणी टाकली.

मैदान खच्चून भरलं होतं. शाळेच्या संघातल्या एका पोरानं चेंडू फेकला, हळूच, छातीच्या उंचीवर. ओझेलनं दोन्ही हात पुढे केले आणि चेंडू तिथेच बसला. अख्खं गाव उठून ओरडलं. गॅस्किन ध्वनिक्षेपकावर गरजला, "बघून घ्या! बेल्झोराचा माणूस हातात आलेलं सोडत नाही!"

मी पुढे गेले. ओझेलनं चेंडू माझ्याकडे धरला. मी ओढला, येईना. पुन्हा ओढला. राळ घट्ट बसली होती आणि बोटांना उघडायची ताकदच नव्हती.

"बास झालं रे, दे आता ताईला!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

मी टोपी काढून त्याच्या हातांवर ठेवली, लोकांकडे पाठ केली आणि टोपीखाली चरबी चोळायला लागले. बहीणभाऊ डोकी जवळ आणून, मान खाली घालून उभे. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं मान खाली घातली, मग शेजारच्यानं टोपी काढली. बघता बघता सगळं मैदान गप्प. आम्ही प्रार्थना करतोय असं वाटलं त्यांना! गॅस्किन गदगदून म्हणाला, "आमेन." त्या क्षणी ती बरणी त्याच्या तोंडात कोंबावीशी वाटली मला. ज्या बोटांवर हे सगळे वीस वर्षं ओरडले, ती मी त्यांच्या समोर उचकटत होते, आणि हे डोळे मिटून उभे!

करंगळी सुटली. अनामिका सुटली, तिच्याबरोबर कातडीही आली. ओझेलचा चेहरा हललासुद्धा नाही. तो माझ्या डोक्यावरून गावाकडे बघून हसत होता, हात टोपीखाली तसेच पुढे धरून.

"ताई," ओठ न हलवता तो म्हणाला, "सुटला का गं? जरा जोरात ओढ ना."

चेंडू केव्हाचा माझ्या बुटांपाशी पडला होता.